लख्ख पडदा

“झालं बाबा! आता बघा कसं लख्ख दिसतंय,” लिनक्सवर पडदा रेखीव करणारा ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकून संगणक पुन्हा सुरू करत निनाद म्हणाला.

बटाट्याएवढी अक्षरं मोहरीएवढी झाली होती खरी. पण पडद्यावरचा मोरेश्वररावांच्या बायकोचा, कुमुदचा फोटो, सकाळपर्यंत काठोकाठ हसणारा, आता मधोमध पोस्टकार्डाएवढा उरला होता.

मोरेश्वरराव बघत राहिले. कुमुद गेली त्या दिवशीही ते असेच नुसते बघत राहिले होते. डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

“आवडलं ना?”

सांगितलं असतं तर पोराने चुटकीसरशी फोटो पुन्हा पडदाभर करून दिला असता.

“छान झालं,” ते म्हणाले.

निनाद गेल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पार नाक पडद्याला टेकेपर्यंत.