गिझरची तक्रार

यशोधन कारखानीस दुकानात नव्या गिझरच्या खोक्यावर किंमत चिकटवत होता, तेवढ्यात त्याची पाठ भाजली. शर्टाला काहीच झालं नव्हतं. मनगटावरचा पट्टा मात्र लाल झाला होता आणि त्यावर नाव उमटलं होतं: ढवळेबाई.

नव्या ग्राहक कायद्याने प्रत्येक दुकानदाराला हा पट्टा बांधला होता. विकलेल्या वस्तूने गिऱ्हाइकाला जेवढं दुखेल, तेवढं दुकानदारालाही दुखायचं. कंपन्यांनी गावोगावी फ्रँचायझी दिल्या आणि स्वतः पट्ट्यातून सुटल्या.

"अहो, परवाच आपल्याकडून गिझर नेलाय त्यांनी. एकट्या राहतात त्या," त्याची बायको मृदुला म्हणाली. "मागच्याच गल्लीत. पळा."

"गेलो की चूक कबूल केल्यासारखं होतं. करारातच आहे. फ्रँचायझी जाईल." तो गुडघ्यांवर कोसळला आणि त्याने कंपनीला फोन लावला.

"दुखणं थांबेपर्यंत तक्रार चालू राहते, सर," पलीकडची मुलगी म्हणाली. "थांबलं की मिटली."

"मी तरी जाते," मृदुला म्हणाली.

"तूही भागीदार आहेस." त्याने तिचा हात घट्ट धरला.

पाठ, खांदे, मग मान. यशोधन ओरडत राहिला, पण हात सोडला नाही. मग सगळं एका क्षणात थांबलं. भाजल्यावर मागे राहते ती आगही उरली नाही.

पट्टा हिरवा झाला. त्यावर कंपनीचा निरोप आला: "तक्रार मिटली. ग्राहक समाधानी."

यशोधनने घाम पुसला.

"बघ," तो म्हणाला, "उगाच धावली असतीस."