पहिला हात

मच्छे गावातल्या कारखान्यात स्मार्ट चष्म्यांच्या भिंगांवर केसाहून शेकडो पट बारीक रेघा उमटवतात. धुळीचा कणही चालत नाही, म्हणून बायका कुंकू, बांगड्या, गजरा दाराबाहेर उतरवून आत जातात. पूर्णिमाला उतरवायला काही नव्हतंच. चार वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हाच गल्लीतल्या बायकांनी ते काम उरकलं होतं.

खंडेनवमीला नव्या मशीनची पूजा होती. कारखान्याचे मॅनेजर नागेंद्र साहेबांनी तेवढ्यापुरता नियम बाजूला ठेवून पाच सवाष्णींना हळदीकुंकू वाहायला आत घेतलं.

"पूर्णिमा, तू जरा भाईर थांब गं," त्या पाचांतली जयाआक्का हळूच म्हणाली.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मशीन पूर्णिमानंच सुरू केलं, कारण ट्रेनिंग तिचंच झालं होतं. पहिली शंभर भिंगं खराब निघाली.

"पयला हात कुणाचा लागला, बघा की," मागं कुजबुज झाली.

तिनं एक भिंग मायक्रोस्कोपखाली ठेवलं आणि साहेबांना बोलावलं. रेघांमध्ये लाल-पिवळे कण अडकले होते. साहेब बराच वेळ डोळा लावून बघत राहिले.



"उद्या मशीनची परत पूजा घालू," ते म्हणाले. "पूर्णिमा, तू उद्या सुट्टीच घे."