द्रिनवरच्या पुलाचा दगड

इस्तंबूलच्या सुलतानाला आमच्या प्रांतावर एक पाशा टिकवणं काही जमत नव्हतं. एक रुळतोय न रुळतोय तोच दुसरा यायचा, आणि आल्या आल्या द्रिन नदीवरच्या पुलाच्या पायाचा दगड बसवायचा. रिवाजाप्रमाणे दगडावर मेंढा कापला जायचा, सगळं गाव पोटभर जेवायचं, आणि पूल उभा राहायच्या आत पाशांची बदली व्हायची. मग आमचा झेफ गवंडी तोच दगड उकरून काढायचा आणि पुढच्या पाशांसाठी घासूनपुसून ठेवायचा.

यंदाचे पाशा पिकल्या दाढीचे, जरा वाकलेले. दगड बसवता बसवता ते थबकले. कोपऱ्यातल्या टवक्यावरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं.

"उस्ताद, दगड नवा आहे ना?"

"कालच खाणीतून आणलाय, हुजूर," झेफ म्हणाला.

गावाचे कारभारी जेलाल आगा त्याच्या कानाशी पुटपुटले, "गाढवा, तो टवका घासून टाक म्हणून किती वेळा सांगितलं तुला. आता दोघांचीही मुंडकी उडणार."

पाशांनी दगड नीट बसवला, हात झटकले, शेजारी बांधलेल्या मेंढ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आगांच्या जवळ येऊन हळूच म्हणाले,



"मी मागे इथे होतो, तेव्हाचा मेंढा चांगला पोसलेला होता, आगा."