गुरुवारची लाईट

निसर्गात राहायला आलेल्या अमृतनं पवनेकाठी खुर्शीदाच्या अंगणात कॅराव्हॅन लावली आणि पहिल्यांदा काय विचारलं, तर प्लग कुठाय. बुधवारी दुपारपासून ती गाडी खुर्शीदाच्या घरची वीज पीत बसली. चार्जिंगची वायर जोडली की फ्यूज उडायचा. मग खुर्शीदानं आधी फ्रीज बंद केला, मग पाण्याची मोटार, शेवटी पंखासुद्धा. तरी अमृतची कुरकुर संपेना.

"मावशी, व्होल्टेज फारच कमी आहे हो. बॅटरी भरतच नाही."

"भरंल की! आता काय वाटी-चमच्यानं पाजू तिला?"

गुरुवारी सकाळी एकदाची बॅटरी भरली आणि नऊ वाजता, दर गुरुवारी जाते तशी, गावाची लाईट गेली. तासाभरात खुर्शीदाच्या नवऱ्याला, इब्राहिमला, दम्याची धाप लागली. खुर्शीदा वाफेचं मशीन छातीशी धरून गाडीकडं धावली.

"दादा, धा मिनटं पिन लावू द्या. ह्यांचा श्वास अडकलाय."

अमृत दारातच आडवा. "बाहेरची वस्तू नाही लावत आम्ही. बॅटरी नाजूक असते, मावशी. लाईट येईलच ना आता."

त्याच्या पाठीमागं कॉफीचं मशीन घुरघुरत होतं.

खुर्शीदानं त्याला कोपरानं बाजूला सारलं, कॉफीची पिन उपटली आणि आपली खुपसली. इब्राहिम भिंत धरत धरत मागं आला होता, तो पायरीशी अवघडून थांबला.

"लाजताय काय? बसा हितं," ती कडाडली. "लाईट आपलीच हाय. ह्यांच्या डब्यात भरून ठेवलीया निस्ती."