पिवळ्या झेंड्याखाली

रमच्या दुकानात ऑगस्टिन नेहमीची गोष्ट सांगू लागला: "कुणाचा विश्वास बसणार नाही, पण माझ्याच लग्नाची घंटा मी समुद्रात अडकून ऐकली. त्रिनिदादहून शिडाची होडी एकट्याने हाकत कारियाकू बेटाशी आलो, नांगर टाकला, नियमाप्रमाणे पिवळा झेंडा चढवला. कागदांवर बंदर-कचेरीचा शिक्का बसेपर्यंत होडीवरच्यांनी किनाऱ्याला पाय लावायचा नाही. समोर चर्च, पायरीवर पांढऱ्या झग्यातली नवरी, नीरफणसाच्या रश्श्याचा वास होडीपर्यंत." "मग पोहत जायचंस की, काका," कुणीतरी खिजवलं. "शार्क इतके, की पोहायला पाणीच उरलं नव्हतं. झेंड्याखाली बसून रडलो. घंटा थांबली, पाहुणे जेवून गेले, ती पायरीवर एकटीच." सगळे हळहळले. ती नवरी, इस्मे, आता याच दुकानात रम ओतते. वर्षानुवर्षं ही गोष्ट तिने निमूट ऐकली, आज बाटली खाली ठेवून म्हणाली, "शिक्का आणायला कप्तानाला उतरावंच लागतं. आणि कप्तान तूच होतास, ऑगस्टिन."