अमरावतीच्या पेपराला जाताना

“मोटारीत लेकरू रडलं त अर्ध्या रस्त्यातून वापस. परीक्षा-बिरीक्षा काई नाई,” गोदाबाईंनी सुनेला, शालूला बजावलं होतं. सासऱ्यांची जुनी डिझेल मोटार म्हणजे भांड्यांचं पोतं. खडखडाटानं बाळ दचकून उठायचं. म्हणून आदल्या दिवशी शालूनं इंजीन चालू ठेवून पत्र्यापत्र्यावर तळहात टेकवला आणि थरथर लागेल तिथं सायकलट्यूबच्या पट्ट्या ठासल्या. आज मूर्तिजापूर मागे पडलं तरी बाळ मांडीवर गाढ झोपलेलं. बडनेऱ्याजवळ पुन्हा खटखट सुरू झाली. बाळाचा ओठ मुरडला. शालूनं कान दिला. आवाज मोटारीचा नव्हताच. सासूच्याच पानडब्यात अडकित्ता नाचत होता. “आत्याबाई, तुमचा अडकित्ता,” ती हळूच म्हणाली. गोदाबाईंनी तो पदरात गुंडाळला. तेवढ्यात बैलगाडी आडवी आली. सासऱ्यांचा हात हॉर्नकडे गेला. “हारन नोका वाजवू,” गोदाबाई कुजबुजल्या, “लेकरू झोपलं हाये. सुनेले पेपर हाये.”