दहाच्या आतली जोडी

डीएनएच्या प्रत्येक तुकड्याच्या दोन टोकांना एकेक बारकोड, म्हणजे तुकडा कुठल्या नमुन्यातला हे सांगणारी खूण. त्यांतली कुठली जोडी किती वेळा आली, हे सॉफ्टवेअरने मोजायचं. आणि दहापेक्षा कमी वेळा आलेली जोडी डोळे झाकून उडवायची. प्रयोगशाळेत हा नियम सरांचाच, आणि त्यात ते कुणाच्या बापाचं ऐकत नसत.

"सर, ही जोडी दोनदा आलीय," नवी सहकारी चाचरत म्हणाली. "खरी असली तर?"

"अगं, खरी जोडी हजारोंनी येते. एकदोनदा दिसते ती मशीनने चुकून जुळवलेली. तिच्यात जीव अडकवायचा नाही. उडव."

तिने उडवली.

संध्याकाळी सर घरी आले, तर बायको दारातच करवादली, "तो जुना फोन काढून टाका बघू आता. मोबाईल आहेत ना दोघांकडे! आज परत वाजला. उचलला, तर पलीकडे कुणी बोलेचना."

"परत म्हणजे?"

"काल एकदा, आज एकदा. दोनदाच तर आलाय, राँग नंबर असेल." मग त्यांचा चेहरा बघून तिचा आवाज खाली आला. "अहो, आपली रुसून गेलेली पोर फोन करेल, तर ती काही बोलणार नाही का?"

सरांनी बूटही काढले नाहीत. खुर्ची ओढली आणि फोनला खेटून बसले.

"तिला हाच नंबर पाठ आहे," ते म्हणाले. "आणि दोनदा म्हणजे पुष्कळ झालं गं."